बांधापलीकडची भेसळ

चित्राखालची ओळ माझी होती. रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांवर एक पान होते. त्यात पाने नसलेल्या, चौधारी, मांसल दांड्यांच्या एका झुडपाचे छायाचित्र होते. एका दांडीच्या टोकाला तपकिरी फुलांचा गेंद. मी खाली ‘माकडशिंग’ असे लिहिले आणि पान छपाईला सोडले. आठवड्याने जालना जिल्ह्यातून पोस्टकार्ड आले. अक्षर सरळ, एकही खाडाखोड नाही. मजकूर असा:

‘चित्राखालचे नाव चुकले आहे. माकडशिंगाची फुले एकेकटी, दांडीच्या कडेने येतात. चित्रातले झाड दुसरे आहे. ते आमच्या टेकडीवर आहे, पण गावात हे कोणी मानत नाही. आपण चित्र कोठून मिळवले ते कळवावे. उत्तम खरात, निवृत्त प्लॉट सुपरवायझर, ता. जाफराबाद.’

चित्र पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून आले होते. तिथे त्या कुंडीवर ‘सक्युलंट’ एवढीच चिठ्ठी होती. मी दोन जाणकारांना विचारले. त्यांनी दोन वेगळी नावे सांगितली. तिसऱ्याने सांगितले की दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत. शास्त्रज्ञांनी ते एका कुळशाखेतून उचलून दुसरीत टाकले, पुस्तके मात्र जुनी राहिली. आमच्या कचेरीचा नियम होता की बरोबर काय ते ठाऊक असल्याशिवाय दुरुस्ती छापायची नाही. त्यामुळे ती छापली गेली नाही. पुढे मी निवृत्त झाले. पोस्टकार्ड खणात राहिले.

यंदा सप्टेंबरात खरातांनी कचेरीतून माझा नंबर मिळवला आणि फोन केला. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत त्यांच्या टेकडीचा दक्षिण उतार रस्त्याच्या मुरमासाठी खोदायला द्यायचा की नाही, हे ठरणार होते. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत त्या उतारावरच्या झाडांसमोर ‘माकडशिंग, सर्वत्र आढळते’ अशी नोंद होती. सगळीकडे मिळणाऱ्या झाडासाठी कोणी टेकडी राखत नाही. झाडे एक नसून दोन जातींची आहेत हे दाखवायला त्यांच्याकडे पंधरा दिवस होते. त्यांनी मला यायला सांगितले. बाहेरचा माणूस पाहत असला की गावही नीट पाहते, असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या घराच्या खिडकीत अशी अकरा झाडे आहेत, पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्यांत. त्यांपैकी तिघांची नावे मला येतात. मी निघाले.

जुना जालना

खरातांनी सांगितले होते की गावी येण्याआधी आमच्या जुन्या मालकांना भेटून या. कुंडलिका ओलांडून रिक्षा जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत शिरली आणि दोन कापडदुकानांच्या मधल्या बोळात थांबली. तिथे शांतिलालजींची पेढी आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. घराणे आधी धान्यात, मग बियाण्यात. आता कारभार मुलगा पाहतो. शांतिलालजी गादीवर बसतात आणि आल्यागेल्याला पाणी विचारतात.

जालन्याला बियाण्यांचे गाव म्हणतात. त्या धंद्याची एक रीत मला इथे पहिल्यांदा नीट समजली. पोत्यावर चिठ्ठी काहीही असो, त्या पोत्यातले मूठभर बी वाफ्यात पेरायचे, उगवू द्यायचे, फुलावर येऊ द्यायचे आणि मग जात ठरवायची. तसेच बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये जे झाड इतरांहून वेगळे दिसेल ते भेसळ. ते फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचे आणि प्लॉटपासून लांब नेऊन टाकायचे. हे काम बायकांच्या टोळ्या करतात. काम झाल्यावर सुपरवायझर प्लॉट चालून पाहतो आणि निकाल देतो.

“खरात ‘प्लॉट पास’ म्हणाला ना ताई, की मंग सरकारी माणूस आला काय, न आला काय,” शांतिलालजी म्हणाले. “पण म्हणायचा कधी? आम्ही बिलकुल वाट पाहून थकायचो.”

गादीशेजारी खिडकीत तीन कुंड्या होत्या. नातवाने ऑनलाइन मागवलेल्या. तिन्हींवर एकच इंग्रजी नाव छापलेले आणि तिन्ही झाडे डोळ्यांना सरळ वेगळी दिसणारी. शांतिलालजींनी त्यातले एक बोटाने दाखवले आणि हे ‘पिंपा’ असल्याचे सांगितले. त्यांची दादी मारवाडात त्याची भाजी करायची, आणि जालन्याचे माकडशिंग म्हणजेच पिंपा असे ते आयुष्यभर धरून चालले आहेत. दुपारी त्यांनी मला वर घरी जेवायला नेले. बाटी, कढी, आणि लोणच्याला घेतात तेवढ्या लहान वाटीत माकडशिंगाची परतलेली भाजी. आंबूस, किंचित कडवट, खुसखुशीत. सूनबाईंनी ती मला ‘पिंपा’ म्हणून वाढली. स्वयंपाकाला येणाऱ्या जालन्याच्या बाईंनी आतून ‘माकडशिंग’ अशी दुरुस्ती केली. घरात हा वाद जुना असावा, कारण कोणी मान वर केली नाही.

अंबड

दुसऱ्या दिवशी एसटीने अंबडला गेले. तिथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जाधव मॅडमना खरातांनी वर्षभर फोटो पाठवले होते. मॅडमची कामाची पद्धत कोरडी आणि नेमकी. मला लगेच पटली. त्यांनी टेबलावर दोन वाळक्या दांड्या ठेवल्या आणि एक जात आहे की दोन, असे विचारले. मी दोन म्हणाले. एकच होती, एक दांडी सावलीत वाढलेली, एक उन्हात.

“मीही चुकले असते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर फुलाशिवाय मी सही करत नाही.”

शांतिलालजींचा पिंपा हे तिसरेच झाड असल्याचे त्यांच्याकडून कळले. तेही याच गोतावळ्यातले, पण वेगळे. माझ्या चित्रातले झाड खरातांच्या म्हणण्याप्रमाणे वेगळे असू शकते. पण पुण्याच्या कुंडीवरून जाफराबादच्या टेकडीबद्दल काही सिद्ध होत नाही. त्यांच्या अटी दोन होत्या. फूल प्रत्यक्ष दिसले पाहिजे, आणि ते झाड त्या उतारावरचेच आहे याचा पुरावा पाहिजे. दोन्ही असतील तर त्या ग्रामसभेला स्वतः येऊन सांगायला तयार होत्या. मी हे वहीत जसेच्या तसे लिहून घेतले.

जाफराबाद आणि पुढे

भोकरदनमार्गे जाफराबादला पोचले. तिथून पुढे काळीपिवळी जीप. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन पिवळे पडलेले, मधूनच काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्या. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी झाडे उपटून शहरात विकणारे लोक आहेत, आणि त्यांनाही वाचता येते.

उत्तमराव खरात थांब्यावर उभे होते. पांढरा सदरा, डोळ्याला काळा चष्मा. श्रावणात मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घराच्या दिशेने चालू लागले. चहा झाल्यावर म्हणाले, “तुमचा हेलपाटा वाया गेला, ताई. प्लॉट गेला.”

हकिगत अशी. मागच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी त्यांनी टेकडीवरून चाळीस दांड्यांचे तुकडे आणले. कोणता कुठल्या जातीचा हे त्यांनाही ठरवता येत नव्हते, कारण उन्हाळ्यात दोन्ही सारख्याच सुकलेल्या असतात. म्हणून नाव कशालाच दिले नाही. प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर नंबर घालून बांधला, कुठला नंबर कुठल्या खडकाजवळून आणला ते वहीत लिहिले, आणि शेताच्या कोपऱ्यात एका ओळीत लावले. बियाण्याची तपासणी करतात तशीच: नाव विसरायचे, वाढू द्यायचे, फुलाची वाट पाहायची. श्रावणात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते जालन्याला गेले. परत आले तेव्हा ओळ स्वच्छ खुरपलेली होती आणि अकरा जागा रिकाम्या होत्या. राहिलेल्यांत तरी एखादे वेगळे फूल येईल या आशेवर त्यांनी मला फोन केला होता, पण मी पोचेपर्यंत त्यांना कडेचीच फुले आली.

खुरपणीला गयाबाई म्हस्के यांची टोळी होती. गयाबाईंनी तीस वर्षे उत्तमरावांच्याच हाताखाली बीजोत्पादनाच्या प्लॉटांत भेसळ काढली. आखीव ओळ, झाडांना नंबर, आणि त्यात अकरा झाडे इतरांहून वेगळी. त्यांनी तीस वर्षे जे केले तेच केले.

त्या दिवसापासून उत्तमराव त्यांच्याशी बोलले नव्हते.

जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला दळून ठेवलेले पीठ. पाण्यात कालवून उकळले की आमटी तयार. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो. हे मी बोलून दाखवल्यावर उत्तमरावांच्या पत्नीने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि वाटी पुन्हा भरली.

टेकडी

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढलो. माझे म्हणणे होते की प्लॉट गेला तरी टेकडी जागेवर आहे. फूल तिथेच मिळेल. उत्तमराव नुसते “चला” म्हणाले.

उतार सोपा नाही. एका ठिकाणी पाय घसरला आणि मी हाताला लागले ते निवडुंगासारखे झाड धरले. तळव्याला काटे आणि वर पांढरा चीक. वहीची दोन पाने चिकटून गेली.

“दूध निघालं म्हणजे ते थोर,” उत्तमराव म्हणाले. “डोळ्याला हात लावू नका. माकडशिंग मोडलं तर पाणी निघतं. एवढं तर इथं शेरडं वळणारी पोरगी पण सांगंल.”

त्यापुढची ओळख मात्र गावात कोणाला नव्हती, आणि तिचे कारण तासाभरात समोर आले. खडकांच्या सावलीत दांड्या भरपूर होत्या. काहींच्या कडेला बोराएवढी एकेकटी फुले होती: माकडशिंग. बाकीच्या सगळ्या दांड्यांचे शेंडे खुडलेले होते. एकाचाही अपवाद नाही.

मराठवाड्यात भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे आम्ही त्यांना गौरी म्हणतो. त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि या गावात सोळांतली एक म्हणजे टेकडीवरचे माकडशिंग. सणाच्या दोन दिवस आधी बायका वर येतात आणि कोवळे शेंडे खुडून नेतात. माकडशिंगाची फुले कडेने येतात, त्यामुळे शेंडा गेला तरी काही उरतात. दुसऱ्या जातीचे फूल फक्त शेंड्यालाच येते. शेंडा गेला की त्या वर्षीचे फूल गेले. पिढ्यान्‌पिढ्या गावाने ते झाड खाल्ले आणि त्याचे फूल कधी पाहिले नाही.

उत्तमरावांनी ते एकदाच पाहिले होते. त्यांची आई ज्या वर्षी गेली, त्या वर्षी घरात सुतक, महालक्ष्म्या बसल्या नाहीत. त्यांच्या बांधाला लागून असलेले दोन ठोंब कोणी खुडले नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेतावर गेले तर टोकाला चेंडूएवढा गेंद. पुढच्याच वर्षी बांधाच्या दुरुस्तीत ते दोन्ही ठोंब दगडांखाली गेले. त्यानंतर ते सगळ्यांना सांगत राहिले आणि सगळे ऐकून घेत राहिले.

“मला वाटाय लागलं होतं, की आपणच चुकून राह्यलो,” ते खाली उतरताना म्हणाले. “मंग तुमच्या पेपरात चित्र आलं.”

नाल्यापलीकडे

पायथ्याशी शेजारच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालू होती. सात-आठ बायका ओळीने पुढे सरकत होत्या. मधली उंच बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उत्तमरावांनी मान दुसरीकडे वळवली, त्यावरून त्या गयाबाई हे कळले.

“ताई,” त्या मला म्हणाल्या, आवाज मात्र माझ्यापलीकडे पोचेल असा, “तुमच्या सायबाला इचारा. तीस वर्षं भेसळ काढली तवा शाबासकी. आन आत्ता काढली तर तोंड वाकडं.”

“त्यांना सांगा,” उत्तमराव टेकडीकडे पाहत मला म्हणाले, “काढायच्या आधी इचारायचं असतंय.”

“इचारायला दवाखान्यात जाऊ? दोन्ही डोळ्याला पट्ट्या. दिसलं असतं का त्यांना, भेसळ कोणती ते?”

ओळीतल्या बायका हसल्या. उत्तमराव चालू लागले. बातमीदारीत उमेदवारी करताना मला एक प्रश्न शिकवला होता: ती वस्तू आत्ता कुठे आहे? तो मी विचारला. उपटलेली अकरा झाडे टाकली कुठे?

गयाबाईंना प्रश्नाचे नवल वाटले. “नियम हाय तिथं. प्लॉटात न्हाई, बांधावर न्हाई. पार नाल्याच्या पल्याड, दगडाच्या ढिगाऱ्यावर.”

“दीड महिना झाला,” उत्तमराव थांबून म्हणाले. “काय राहतंय त्याचं?”

कपाशीचे, मिरचीचे, कांद्याचे उपटलेले झाड संध्याकाळपर्यंत माना टाकते. या दोघांनी आयुष्यभर तेच पाहिले होते, त्यामुळे उपटले म्हणजे मेले, यात त्यांना शंका घ्यायचे कारण नव्हते. मी माझ्या खिडकीतली एक गोष्ट सांगितली. एका झाडाचा तुकडा मोडून वाटीमागे पडला होता. तो मला चार महिन्यांनी सापडला, पाण्याचा थेंब नसताना, आणि त्याला मुळे फुटलेली होती.

उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गयाबाईंनी विळा दुसरीच्या हातात दिला.

नाला ओलांडायला दगड टाकलेले होते. पलीकडे शेत साफ करताना निघालेल्या दगडांचा ढीग, त्यावर गाजरगवत आणि बाभळीच्या वाळक्या फांद्या. गयाबाई पुढे. त्यांनी फांद्या बाजूला केल्या, गवत उपटले. पहिल्यांदा दिसला तो बिल्ला, पांढरा, चिखलाने माखलेला. त्याच्या मागे दांडी. ती आडवी पडली होती, पण टोक वळून वर आले होते, आणि बुडाशी दगडांच्या फटीत मुळे घट्ट बसली होती.

बिल्ले गयाबाईंनी काढले नव्हते. प्लॉटातला बिल्ला सुपरवायझरचा. त्याला मजुराने हात लावायचा नसतो, झाड भेसळ असले तरी.

आम्ही अकरा बिल्ले मोजले. दोन दांड्या वाळल्या होत्या. नऊ जिवंत होत्या. टाकून दिलेल्या भेसळीची भाजी कोणी खुडत नाही, त्यामुळे शेंडे शाबूत होते. तेवीस नंबरच्या टोकाला वाटाण्याएवढ्या कळ्यांची मूठ होती.

उत्तमराव गुडघ्यावर बसले आणि एकेका बिल्ल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसू लागले. गयाबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. मग त्या गेल्या आणि बाभळीच्या ताज्या फांद्या तोडून आणल्या, शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती कुंपण केले. अजून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

फूल

तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ ढिगाऱ्यावर गेलो. मधल्या वेळात मला गावाने धपाटे, मोसंबी आणि सल्ले दिले. सरपंच भेटले, भला माणूस. त्यांना रस्ता हवा होता, आणि रस्ता खरोखर वाईट होता. टेकडीशी त्यांचे वैर नव्हते. कागदावर जे लिहिले आहे त्यावर सही करायची, एवढेच त्यांचे म्हणणे.

एक तारखेला सकाळी नाला ओलांडण्याआधीच वास आला. मेलेल्या घुशीचा वास येतो तसा. गयाबाई आधीच तिथे होत्या, पदर नाकाला. तेवीस नंबरवर गेंद उमलला होता: वीसेक फुले एकाच जागी, गडद तपकिरी, आत पिवळ्या बारीक रेघा, आणि वर माश्यांचा घोळका. माझ्या पुरवणीतले चित्र, फक्त पांढऱ्या भिंतीऐवजी मागे काळा दगड.

“देवीला हे वाढत होतो व्हय,” गयाबाई म्हणाल्या. “शेंड्यालाच खुडत होतो ते बराबर केलं.”

मी अंबडला फोन लावला. मॅडमनी एकच विचारले, बिल्ला आहे का. आहे म्हटल्यावर त्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाल्या.

दोन तारखेला त्यांनी ढिगाऱ्यावर बसून भिंगातून पाऊण तास पाहिले. मग उत्तमरावांची वही मागितली. तेवीस: ‘दक्षिण उतार, पिंपरणीखालचा दुसरा खडक.’ बाकी दहांच्या नोंदीही दक्षिण उताराच्याच निघाल्या. त्यानंतर त्या प्लॉटवर गेल्या आणि ओळीत राहिलेली एकोणतीस झाडे एकेक करून तपासली. सगळ्यांना कडेने एकेकटी फुले किंवा त्यांच्या वाळक्या खुणा. ओळ संपल्यावर त्या पुन्हा पहिल्या झाडापासून सुरू झाल्या. मी घड्याळ पाहिले. ग्रामसभेला तास उरला होता.

“ही अकरा कोणी काढली?” त्यांनी विचारले.

गयाबाई पुढे झाल्या, काहीशा सावध.

“चाळीसांतली अकरा. फूल नसताना. एकही चूक नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला जमले नसते. कशावरून ओळखलीत?”

गयाबाईंनी उत्तमरावांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मग गयाबाईंनी ओळीतल्या एका दांडीला बुडापासून हात लावला आणि वर नेला. “शेंडा बघायचा न्हाई. हात फिरवायचा. हे वर वर निमुळतं होत जातंय, उंदराच्या शेपटीवानी. ते शेवटपर्यंत एका जाडीचं. पाऊस लागला की दिसतं. सुक्यात न्हाई कळत.”

मॅडमनी स्वतः हात फिरवून पाहिला, आधी ओळीत, नंतर ढिगाऱ्यावर. मग वहीत लिहिले. दोन जाती आहेत हे उत्तमरावांना फुलावरून ठाऊक होते. फुलाशिवाय त्या वेगळ्या करून दाखवणारी व्यक्ती गावातच होती, आणि दीड महिन्यापूर्वी तिने ते करूनही ठेवले होते.

ग्रामसभा

सभा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर भरली. जाधव मॅडमनी दोन दांड्या आणि एक फूल टेबलावर ठेवले. वासामुळे पुढची रांग थोडी मागे सरकली. त्यांनी शास्त्रीय नाव सांगितले, आणि जुन्या पुस्तकांत तेच झाड दुसऱ्या नावाने सापडेल हेही सांगितले. मी तिथेच वहीत लिहिले: ‘दुरुस्ती. चित्राखालचे नाव माकडशिंग नव्हे.’ मी पुण्याला परतल्यावर कचेरीने ती छापली, दोन ओळींत, आतल्या पानावर. मी पाहिलेल्या दुरुस्त्यांत एवढी उशिरा आलेली दुसरी नाही.

एका म्हाताऱ्या बाबांनी शंका काढली. खायला दोन्ही एकच लागतात, मग झाडे दोन कशी? त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, “बाबा, तुम्हाला मेथी आन पालक पण एकच लागतंय.” हशा झाला आणि शंका मिटली.

सरपंचांनी कागद वाचून दाखवला. दक्षिण उतार मुरमातून वगळला. मुरूम टेकडीच्या पाठीमागच्या उघड्या बाजूने घ्यायचा; गाड्यांना वळसा पडेल, रस्ता मात्र होईल. हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

मग नोंदवही उघडली. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी घातली. ‘स्थानिक नाव’ या रकान्यात काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली आणि ‘जाड माकडशिंग’ ठरले. बायकांकडून प्रश्न आला की महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांचे काय. उत्तर गयाबाईंनी दिले. “बारीक तोडा, जाड सोडा. कळत नसंल तर मला बोलवा, मी येते वर.”

शेवटचा रकाना ‘माहिती देणाऱ्याचे नाव’ असा होता. ग्रामसेवकांनी लिहायला सुरुवात केली, ‘उत्तम’. उत्तमरावांनी त्यांचा हात धरला.

“ते खोडा,” ते म्हणाले. “लिहा, गयाबाई किसन म्हस्के.”

सभा उठली. लोक चपला शोधत होते. गयाबाई ओट्याच्या पायरीशी उभ्या होत्या, जायच्या घाईत. सोंगणी अर्धी राहिली होती. उत्तमराव त्यांच्यासमोर जाऊन थांबले. चष्मा काढला. श्रावणापासून पहिल्यांदा ते थेट त्यांच्याकडे पाहून बोलले.

“प्लॉट पास.”

गयाबाईंनी पदर सारखा केला.

“बराबर,” त्या म्हणाल्या. “मंग आता सगळ्या टोळीला चहा सांगा.”